मार्चपर्यंत गल्ला पुरेल का, ते आधी बघा

वाचकाचं पत्र:

नमस्कार सर. मी कराडची, वय ३८. सहा वर्षं घरातूनच लहान मुलांचे कपडे विकते. कोल्हापूरजवळच्या गांधीनगरच्या होलसेल बाजारातून माल आणते, महिन्याला पस्तीस-चाळीस हजारांची विक्री होते. आता बाजारपेठेला लागून २४० चौरस फुटांचा गाळा मिळतोय. भाडं १४ हजार, डिपॉझिट दीड लाख, १ सप्टेंबरला ताबा. दसऱ्याला उद्घाटन करायचं मनात आहे. माझे सहा लाख, भावाने दिलेले दोन लाख आणि मुद्राचं चार लाखांचं कर्ज मिळून १२ लाख उभे राहतात. फर्निचरला तीन लाख आणि मालाला साडेसहा लाख धरलेत, लाखभर हाताशी राहतील. भाडं, कामाला नऊ हजारांवर एक मुलगी, लाईटबिल, किरकोळ आणि बँकेचा हप्ता मिळून महिन्याचा खर्च ४०,७०० येतो. मी शंभराचा माल दीडशेला विकते, म्हणजे मार्जिन ५० टक्के. म्हणजे महिन्याला ८१-८२ हजारांची, रोजची तीन हजारांची विक्री झाली की ना नफा ना तोटा. त्यातली निम्मी तर घरातून आत्ताच होते. उधारी ६८ हजार आहे, पण लोक ओळखीचे आहेत. सांगलीच्या चुलत दिरांच्या दुकानाचे गेल्या वर्षीचे आकडे बघून पहिल्या ऑक्टोबरला चार लाख विक्री धरली आहे. यजमान म्हणतात, थांब. गाळामालक म्हणतात, पंधरा तारखेपर्यंत सांगा. काय करू? पैसे कमी पडले तर दागिने गहाण ठेवायची माझी तयारी आहे.

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि मग वही घेऊन बसलो. आधी हे सांगतो, की सहा वर्षं घरातून धंदा करून सहा लाख बाजूला टाकणं ही फार मोठी गोष्ट आहे. गिऱ्हाईक काय मागतं, कुठल्या वयाला कुठला साईज लागतो, गांधीनगरात कुठली पार्टी खरा माल देते, हे तुम्हाला कळतं. नव्या दुकानदाराला हे शिकायलाच दोन वर्षं आणि बरेच पैसे जातात. म्हणून ‘दुकान काढू नका’ असं मी म्हणणार नाही. पण तुमचा हिशेब तीन ठिकाणी चुकलाय, आणि तिन्ही चुका एकाच बाजूला झुकतात. दुकान आहे त्यापेक्षा सोपं दाखवतात.

पहिली चूक मार्जिनची. शंभराला आणून दीडशेला विकलं तर पन्नास रुपये सुटतात, बरोबर. पण ते पन्नास शंभरावर मोजले तर ५० टक्के. गल्ल्यात येतात ते दीडशे. दीडशेतले पन्नास म्हणजे ३३ टक्के. भाडं आणि पगार विक्रीच्या पैशातून भागवायचा असतो, म्हणून मार्जिन नेहमी विक्रीवरच मोजायचं. एवढा एकच बदल केला, तरी रोजची तीन हजार विक्री पुरत नाही.

आणि हे ३३ टक्केसुद्धा कागदावरचे. एक फेरी डोळ्यांसमोर आणा. तुम्ही गांधीनगरहून १०० नग आणलेत, जीएसटीसकट सरासरी १०० रुपयांना एक. माल १०,००० चा. ट्रान्सपोर्ट आणि हमाली २५०. आता हे शंभर नग जातात कसे? साठ नग पूर्ण भावाने, दीडशेला. अठ्ठावीस नगांना घासाघीस होते, ते १३५ ला सुटतात. दहा नग सीझन संपला म्हणून तुम्ही खरेदीभावाला काढता. आणि दोन नग डाग पडून, चेन तुटून किंवा कुठे गेले ते न कळता जातात. एकूण गल्ला १३,७८०. त्यातून माल आणि हमालीचे १०,२५० वजा करा, पिशव्यांचे ३०० वजा करा. हातात ३,२३०. म्हणजे शंभर रुपयांच्या विक्रीत साडेतेवीस रुपये. हे आकडे मी अंदाजाने धरलेत, पण तुमच्या घरच्या वहीत खरे आकडे आहेत. गेल्या वर्षभरात किती नग आणले, किती पूर्ण भावाने गेले आणि आज कपाटात किती पडून आहेत, ते एकदा बसून काढा. त्या एका संध्याकाळची किंमत फर्निचरवाल्याच्या सगळ्या कोटेशनांपेक्षा जास्त आहे.

पडून राहणाऱ्या मालाबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण मुलांच्या कपड्यांत पैसे अडकतात ते इथे. होलसेलवाला सुटा नग देत नाही, सेट देतो. वीस ते तीसपर्यंतचे सहा साईज आणि तीन रंग घेतले की एकाच डिझाईनचे अठरा नग होतात. त्यातले २४ आणि २६ आठवड्यात संपतात. वीसचा राणी रंग आणि तीसचा पिवळा तसाच राहतो. गिऱ्हाईक तोच फ्रॉक २४ मध्ये मागतं, तुमच्याकडे तो नसतो, आणि शेल्फ मात्र भरलेलं दिसतं. अशा तुटक्या सेटांनी दुकान हळूहळू भरत जातं. दुकानदाराला वाटतं माल भरपूर आहे. खरं म्हणजे त्याचे पैसे घडी घालून शेल्फावर ठेवलेले असतात.

दुसरी चूक तुम्ही स्वतः. ४०,७०० च्या खर्चात तुमचा पगार नाही. सकाळी दहा ते रात्री नऊ तुम्ही तिथे उभ्या राहणार, घरचं काम त्याआधी आणि त्यानंतर करणार, आणि हिशेबात तुमची किंमत शून्य? महिना १२,००० तरी धरा. तेवढे घेतले नाहीत तर गल्ल्यातून ‘आज पाचशे, उद्या हजार’ असे जातच राहतील, आणि त्यांची नोंद कुठेच होणार नाही. हे धरून खर्च ५२,७०० होतो.

आता ना-नफा-ना-तोटा विक्री काढू. ५२,७०० ला साडेतेवीस टक्क्यांनी भागायचं. उत्तर येतं साधारण सव्वादोन लाख. महिन्याला २६ दिवस दुकान उघडं धरलं, तर रोज ८,६५० रुपये. सरासरी बिल सहाशेचं असेल तर रोज चौदा-पंधरा बिलं, आषाढातल्या पावसातसुद्धा आणि पितृपक्षातसुद्धा. तुमचा आकडा होता तीन हजार. घरातून होणारी चाळीस हजारांची विक्री या सव्वादोन लाखांच्या निम्मी नाही, पाचव्या हिश्शापेक्षाही कमी आहे.

घाबरून जाऊ नका. कराडच्या पेठेत सव्वादोन लाख अशक्य नाहीत. पण ते पहिल्या महिन्यापासून दर महिन्याला होणार नाहीत, आणि तुमची तिसरी चूक तिथेच आहे.

तुम्ही चुलत दिरांचे गेल्या वर्षीचे महिने जसेच्या तसे उचललेत. गेल्या वर्षी लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं. दिवाळीचा सगळा धंदा ऑक्टोबरात बसला, म्हणून त्यांचे चार लाख. यंदा अधिक ज्येष्ठ आला आणि सण मागे सरकले. दसरा २० ऑक्टोबरला आहे आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. तुमचं दुकान दसऱ्याला उघडलं तर ऑक्टोबरात हातात बाराच दिवस, आणि खरी गर्दी त्याच्या पुढच्या महिन्यात. इंग्रजी महिन्यांची वही ठेवणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. गिऱ्हाईक तिथी बघून खरेदी करतं, भाडं आणि हप्ता मात्र तारखेला जातो.

मी तुमच्या आकड्यांवर पहिले सहा महिने चालवून पाहिले. विक्री मुद्दाम पडेल धरली नाही, नव्या दुकानाला होते तेवढी धरली. उधारी दहा टक्के धरली, कारण तुमची जुनी गिऱ्हाइकं दुकानात येणार, आणि वहीसकट येणार.

हाताशी एक लाख. त्यातून सप्टेंबरचं भाडं गेलं, दुकान बंद आणि सुताराची ठोकठोक चालू असताना. राहिले ८६ हजार. ऑक्टोबरात बारा दिवसांत १ लाख ४० हजार विक्री, त्यातले रोख १ लाख २६ हजार. खर्च ५२,७००. दिवाळीआधी माल कमी वाटतो म्हणून आणखी दीड लाखाचा भरला. नव्या दुकानाला पार्टी उधार देत नाही, रोखच मोजावे लागतात. ऑक्टोबरअखेर गल्ल्यात उरले ९,३००. दिवाळी तोंडावर आहे, दुकान मालाने गच्च भरलंय, सगळे कौतुक करतायत, आणि मालकिणीकडे नऊ हजार.

नोव्हेंबर छान गेला. ३ लाख २० हजारांची विक्री, रोख २ लाख ८८ हजार. याच महिन्यात माणूस चुकतो. गल्ला फुगलेला असतो आणि वाटतं, दुकान लागलं. मग तुळशीच्या लग्नानंतरच्या लग्नसराईसाठी आणि थंडीसाठी १ लाख ९० हजारांचा माल आला. खर्च जाऊन उरले ५४,६००.

डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. पौष यंदा जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमाराला लागतो आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात संपतो, लग्नं थंड. तीन महिन्यांची मिळून विक्री ३ लाख २० हजार. जुनी उधारी थोडी आली, थोडी राहिली. तुमच्या भागातलं उत्तर ठरलेलं आहे, ‘उसाचं बिल आलं की देते.’ नियमाप्रमाणे ऊस गेल्यावर १४ दिवसांत बिल मिळायला हवं, पण बिल आलं तरी आधी सोसायटी, मग खताचं दुकान, मग मुलांची फी, आणि सगळ्यांत शेवटी कपडेवाल्या ताई. तीन महिन्यांत वसुलीसकट रोख आले ३ लाख ३१ हजार. खर्च आणि अगदी बेताची खरेदी जाऊन फेब्रुवारीअखेर उरले २७,५००.

मग मार्च. विक्री लाखाची. पण पाडवा ७ एप्रिलला, त्यामागे लग्नसराई, त्यामागे शाळेचा जून. उन्हाळ्याचा आणि लग्नाचा माल मार्चमध्येच भरावा लागतो, किमान अडीच लाखांचा. गल्ल्यात आणि येणाऱ्या पैशांत तो बसत नाही. मार्चअखेर १ लाख ७५ हजार कमी पडतात.

पावणेदोन लाख कमी, आणि तेही शेल्फावर पाच-सहा लाखांचा माल असताना. सहा महिन्यांचा खर्च ३ लाख १६ हजार, आणि ८ लाख ८० हजारांच्या विक्रीतून सुटलेलं मार्जिन २ लाख ६ हजार. म्हणजे तोटा लाखभराचा. पहिल्या सहा महिन्यांत एवढा तोटा होणं यात भयंकर काही नाही, तो गृहीतच धरायचा असतो. दुकान बंद पडतं ते तोट्याने नाही, मार्चमध्ये सीझनचा माल घ्यायला पैसे नसतात म्हणून. माल नाही म्हणून एप्रिल-मे-जून जातो, आणि जे तीन महिने वर्षाची कमाई देणार, तेच हातातून निसटतात.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. मिरजेत माझं शालेय साहित्याचं दुकान होतं. पहिल्याच जूनमध्ये तुफान गर्दी झाली. जुलैत हिशेब मांडला तर नफा ६० हजार, आणि गल्ल्यात चार हजार. नफा कुठे होता? उरलेल्या वह्यांच्या गठ्ठ्यांत, आणि दोन शाळांच्या ‘पुढच्या महिन्यात देतो’मध्ये. मी एका होलसेलवाल्याला पुढच्या तारखांचे तीन चेक देऊन बसलो होतो. दुसरा चेक परत गेला. तो माणूस भला, त्याने केस केली नाही. खात्यात पैसे नाहीत म्हणून चेक न वटणं हा चेकच्या कायद्याच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम १३८ खाली गुन्हा ठरू शकतो, हे मला तेव्हा नीट माहीतही नव्हतं. ते पैसे भरायला बायकोच्या पाटल्या गहाण गेल्या. सोडवायला अडीच वर्षं लागली. तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य वाचून मला पहिली आठवण त्याचीच झाली.

तर आता काय करायचं.

पैशांची वाटणी बदला. फर्निचर तीन लाखांचं नको, एक लाख ऐंशी हजारांत बसवा. मुलांच्या कपड्यांना काचेची कपाटं लागत नाहीत. लोखंडी रॅक, हँगरच्या दांड्या, चांगला उजेड आणि मुलाला उभं करून कपडा घालून बघता येईल एवढी जागा, इतकं पुष्कळ. माल साडेसहाचा नको, साडेचार लाखांचा भरा. डिझाईन कमी घ्या, साईज पूर्ण ठेवा. मग दीड लाख डिपॉझिट जाऊन ४ लाख २० हजार हाताशी राहतात. माल आज दोन लाखांनी कमी घेतलात म्हणजे तो घ्यायचाच नाही असं नाही. दोन-तीन फेऱ्यांत घ्याल, पण तोवर काय खपतं ते कळलेलं असेल.

बँकेत जाऊन कर्जाचे दोन भाग करून मागा. चार लाखांचं कर्ज मुद्राच्या किशोर गटात येतं, त्यात पाच लाखांपर्यंत मिळतं आणि तारण लागत नाही. पाच वर्षांसाठी ११ टक्क्यांनी धरलं तर सगळ्याचा हप्ता ८,७०० येतो, तुम्हीही तोच धरलेला दिसतो. त्याऐवजी फर्निचरपुरतं दोन लाखांचं मुदतकर्ज घ्या आणि बाकीचे दोन लाख मालासाठी कॅश क्रेडिट मागा. हप्ता ४,३५० वर येतो. कॅश क्रेडिटमध्ये जेवढे उचललेत तेवढ्यावरच व्याज. सगळे दोन लाख उचलले तरी महिन्याला अठराशेच्या आसपास. दिवाळीत भरून टाका, मार्चमध्ये उचला. तुमच्या धंद्याचा श्वास असाच वर्षातून दोनदा फुगतो आणि बसतो, कर्जही तसंच हवं. शाखेतून ‘मुदतकर्जच घ्या, ते सोपं’ असं म्हणतील. तरी आग्रह धरा, आणि पहिला हप्ता दुकान उघडल्यावर सुरू होईल असंही मागून बघा.

गाळामालकाशी बोलताना एक आकडा लक्षात ठेवा. भाड्यातला एक हजार म्हणजे सव्वाचार हजारांची विक्री. १४ चे १३ झाले तर दर महिन्याला सात बिलं कमी फाडावी लागतील. भाडं उतरत नसेल तर सप्टेंबर माफ करून घ्या, फर्निचर चालू असताना भाडं का द्यायचं? आणि करारात दरवर्षी किती टक्के वाढ आहे ते वाचा. ते पत्रात नाही.

कामाला मुलगी दुपारी चार ते रात्री नऊ ठेवा, ९ ऐवजी ६ हजारांत. सकाळी गिऱ्हाईक तुम्ही एकट्या सांभाळाल. दिवाळीत पंधरा दिवस आणखी एकीला घ्या. कॅश क्रेडिटचं व्याज जाऊन हप्ता आणि पगार मिळून साडेपाच हजार वाचतात, आणि लागणारी विक्री सव्वादोन लाखांवरून दोन लाखांवर येते. दर महिन्याला चोवीस हजारांची विक्री कमी लागते, ही फार मोठी गोष्ट आहे.

उद्घाटनाला २० टक्के सूट देण्याचा मोह होईल, सगळे तेच सुचवतील. देऊ नका. दीडशेचा फ्रॉक १२० ला गेला, तर माल, हमाली, पिशवी जाऊन साडेचौदा रुपये उरतात. पूर्ण भावात साडेचव्वेचाळीस उरतात. तेवढेच पैसे कमवायला तिप्पट नग विकावे लागतील, आणि पहिल्या आठवड्यात वीस टक्क्यांनी आलेलं गिऱ्हाईक दुसऱ्या आठवड्यात पूर्ण भाव देत नाही. त्याऐवजी मुलांना फुगा द्या, पेढा द्या.

उधारीचं आजच ठरवा, गाळा मिळो न मिळो. ६८ हजार म्हणजे तुमची जवळजवळ दोन महिन्यांची विक्री लोकांच्या घरी आहे. दसऱ्याआधी त्यातले चाळीस तरी आणा. दुकानात उधार द्यायचीच झाली, तर ती फक्त सहा वर्षांच्या जुन्या गिऱ्हाइकाला, हजारापर्यंत, आणि आधीची फिटल्याशिवाय दुसरी नाही. नव्या माणसाला नाही. दुकान नवीन असतानाच हे सांगणं सोपं असतं. वर्षभराने सांगितलं तर माणसं दुखावतात.

होलसेलवाल्यांकडून सवलत मागू नका, वेळ मागा. तीन-चार फेऱ्या रोखीने करा, मग एक-दोन पार्टींकडे तीस दिवस मागा. आणि तुटका सेट बदलून देतो का, हे विचारा. दोन टक्के भाव कमी करणाऱ्यापेक्षा पडलेला माल बदलून देणारा व्यापारी तुमच्या जास्त कामाचा. पुढच्या तारखेचा चेक मात्र कोणालाही देऊ नका.

जूनसाठी एक सुचवतो. जवळच्या एक-दोन शाळांच्या गणवेशाची ऑर्डर मिळते का बघा. सोलापुरात गणवेश शिवणारे कारखाने भरपूर आहेत. मार्जिन कमी असतं, पण साईज आधी कळतो, नग पडून राहत नाही, आणि पालकांकडून निम्मे पैसे आगाऊ घेता येतात. माल यायच्या आधी पैसे गल्ल्यात, असा धंदा कपड्यांत दुसरा नाही.

जीएसटीची काळजी पहिल्या वर्षी नको. नुसत्या मालाच्या विक्रीला ४० लाखांपर्यंत नोंदणीची सक्ती नाही आणि तुमची उलाढाल २५ लाखांच्या आसपास राहील. मात्र राज्याबाहेर माल पाठवायचा नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या कपड्यांना ५ टक्केच लागतो. पूर्वी हजाराच्या वर १२ होता. म्हणून बाराशे-पंधराशेच्या समारंभाच्या फ्रॉकच्या जुन्या बिलांवरून भाव धरू नका, आजचा भाव विचारा.

दुकानाचं करंट खातं वेगळं, त्याचाच क्यूआर कोड काउंटरवर. तुमच्या बचत खात्याचा कोड तिथे लागला की घरचं आणि दुकानचं कधीच वेगळं होणार नाही. रात्री शटर ओढायच्या आधी एका वहीत चार आकडे लिहा. रोख किती, ऑनलाईन किती, उधार किती, आणि बिलं किती. बिलांचा आकडा विसरू नका. गल्ला कमी झाला तो गिऱ्हाईक घटलं म्हणून की बिल लहान झालं म्हणून, हे त्यावरूनच कळतं, आणि दोन्हींवरचा उपाय वेगळा असतो.

पंधरा तारखेच्या आत एक काम करायचं आहे. त्या गाळ्यासमोर बसा. एक शनिवार, एक बाजाराचा दिवस, एक साधा मंगळवार, संध्याकाळी पाच ते साडेआठ. शेजारच्या कपड्यांच्या दुकानातून पिशवी घेऊन बाहेर पडणारी माणसं मोजा. नुसती आत जाणारी नाहीत, पिशवीवाली. यजमानांना सोबत न्या. ते ‘थांब’ म्हणतात त्यामागे भीती असेल तर आकडा बघून ती एक तर जाईल, नाहीतर खरी ठरेल. तुम्हाला पुढे तेरा बिलं लागणार आहेत. साध्या मंगळवारी चालू दुकानातून पंधरा-वीस पिशव्या बाहेर पडत असतील तर गाळा घ्या. पाच-सहाच पडत असतील, तर तो गाळा दहा हजारांतसुद्धा महाग आहे. दुसरा बघा. घरचा धंदा चालू आहे, तुमचं काही अडत नाही.

आणि दागिने कपाटातच राहू द्या. ४ लाख २० हजार हाताशी ठेवून दुकान उघडलंत, तर वरच्या हिशेबात मार्चअखेर पावणेदोन लाख कमी पडण्याऐवजी १ लाख ४५ हजार उरतात, त्यातून राहिलेला मालही भरता येईल. फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेला हातातली रोख आणि कॅश क्रेडिटची शिल्लक मिळून दोन लाखांच्या खाली गेली, तर नवी खरेदी थांबवा, पडलेला माल खरेदीभावाला काढा आणि मला लिहा. तिन्ही दिवसांचे पिशव्यांचे आकडे मात्र त्याआधीच कळवा, मी वाट बघतोय.